कपडा दुकानात टांगलाय, पण मालक अजून तुम्हीच: कन्साइनमेंट स्टोअरचा हिशोब नेमका असतो कसा?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे वापरलेले कपडे दुकानात विकायला जायचे, असं सांगितलं तर पटेल का? पण हे खरंय. जॉन एफ. केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी कपड्यांच्या शौकीन होत्या हे जगाला माहीत होतं. त्यातले बरेच कपडे वापरून झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या 'एन्कोर' नावाच्या दुकानात जात, हे मात्र नंतर कळलं.

एन्कोर १९५४ साली सुरू झालेलं, मॅडिसन अव्हेन्यूवरचं दुकान. जॅकलिन यांच्या खासगी सचिव मेरी गॅलघर यांनी १९६९ साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा सगळा व्यवहार सांगितला आहे. कपडे जॅकलिन यांचे, पण दुकानात नाव आणि पत्ता गॅलघरबाईंचा. दुकानाचा चेक आला की तो त्या आपल्या खात्यात भरायच्या आणि तेवढ्याच रकमेचा चेक जॅकलिन यांना लिहून द्यायच्या.

किस्सा भारी आहे, पण त्यातल्या एका गोष्टीकडे नीट बघा. कपडे आधी गेले, चेक नंतर आला. दुकानदाराने कपडे विकत घेतलेच नव्हते. त्याने ते फक्त विकायला ठेवून घेतले होते.

यालाच म्हणतात कन्साइनमेंट. इन्स्टाग्रामवर 'प्री-लव्ह्ड', 'क्लोझेट सेल' वगैरे शब्द सारखे दिसतात, परदेशात राहणारी भावंडं 'कन्साइनमेंटमधून घेतला' म्हणून ब्रँडेड कोट दाखवतात. पण हा धंदा चालतो कसा, विकणाऱ्याच्या हातात किती पडतं आणि घोळ कुठे होतो, ते समजून घेऊ.

कन्साइनमेंट म्हणजे कपड्यांची अडत

शब्द इंग्रजी असला तरी पद्धत आपल्याला नवी नाही. शेतकरी टोमॅटो घेऊन मार्केट यार्डात जातो. अडत्या तो माल विकत घेत नाही, शेतकऱ्याच्या वतीने विकतो. माल विकला गेला की कापून घ्यायचं ते कापून उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याला देतो. भाव पडला तर अडत्याचं कमिशन थोडं कमी होतं, पण खरा फटका शेतकऱ्याला बसतो. कारण माल त्याचा असतो.

व्यापाऱ्यांच्या भाषेत आणखी एक शब्द आहे, जांगड. हिऱ्यांच्या बाजारात तो आजही रोज वापरतात. दलाल माल जांगडवर नेतो, गिऱ्हाइकाला दाखवतो. सौदा झाला तर पैसे, नाही झाला तर माल परत. तोवर मालकी ज्याने माल दिला त्याचीच.

कन्साइनमेंट स्टोअर हे या दोन्हींचं मिश्रण आहे. तुमचा ड्रेस दुकानातल्या हँगरवर असतो, पण विकला जाईपर्यंत तो तुमचाच असतो. विकला की ठरलेला वाटा तुम्हाला मिळतो. नाही विकला तर तो तुमच्याकडे परत येतो किंवा दान केला जातो.

'मालकी तुमची' हे ऐकायला छान वाटतं. पण मालकीसोबत जोखीमही तुमचीच असते, आणि नेमकं हेच बरेच लोक विसरतात.

थ्रिफ्ट वेगळं, कन्साइनमेंट वेगळं

सोशल मीडियावर जुन्या कपड्यांच्या प्रत्येक दुकानाला 'थ्रिफ्ट' म्हणायची सवय पडली आहे. खरं तर यात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार दानाचा. अमेरिकेतली गुडविल ही संस्था १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुरू केली. लोकांनी दिलेले जुने कपडे आणि वस्तू दुरुस्त करायच्या, विकायच्या आणि त्यातून गरजूंना काम द्यायचं, ही कल्पना. इथे कपडा देणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. मूळ थ्रिफ्ट स्टोअर ते हे.

दुसरा प्रकार रोख सौद्याचा. १९७४ साली ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात सुरू झालेलं बफेलो एक्स्चेंज हे त्याचं ठळक उदाहरण. तुम्ही कपडे घेऊन जायचं, काउंटरवरचा माणूस त्यातले हवे ते निवडतो, जागेवर भाव सांगतो. रोख पैसे घ्या किंवा त्याच दुकानात खरेदीसाठी क्रेडिट घ्या. क्रेडिट घेतलं तर रक्कम जास्त मिळते. कपडा पुढे विकला गेला नाही, तर ते नुकसान दुकानाचं.

आपल्याकडची बोहारीण याच प्रकारात मोडते. दारात बसून जुन्या साड्या आणि पँटी उलटसुलट करून बघायच्या, घासाघीस करायची आणि स्टीलचं पातेलं देऊन गाठोडं उचलायचं. सौदा तिथल्या तिथे संपला. मूळच्या गुजरातच्या देवीपूजक, म्हणजे वाघरी, समाजातल्या अनेक बायका पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आल्या आहेत. गोळा केलेले कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून पुन्हा बाजारात जातात. दिल्लीच्या रघुबीर नगरमध्ये तर अशा कपड्यांचा पहाटेचा मोठा बाजार भरतो. त्या गाठोड्यातलं काय खपेल आणि काय पडून राहील, याची सगळी जोखीम बोहारणीच्या डोक्यावर.

तिसरा प्रकार कन्साइनमेंट. इथे दुकानदार पैसे अडकवत नाही. म्हणूनच तो महागडा कोट, डिझायनर पर्स, एकदाच घातलेला लग्नाचा गाऊन ठेवून घ्यायला तयार होतो. आणि म्हणूनच विकणाऱ्याला रोख सौद्यापेक्षा जास्त पैसे मिळण्याची शक्यता असते. शक्यता, हमी नाही.

कपडा दुकानात गेल्यावर काय होतं?

अमेरिकेतल्या साधारण कन्साइनमेंट स्टोअरची पद्धत अशी. आधी वेळ ठरवून कपडे घेऊन जायचे. धुतलेले, इस्त्री केलेले, हँगरवर लावलेले. दुकानदार एकेक कपडा तपासतो: काखेत डाग आहे का, चेन नीट चालते का, अस्तर उसवलंय का. बऱ्याच पिशव्यांमधले अर्धेअधिक कपडे इथेच परत येतात. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. दुकानात जागा मोजकी असते आणि दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक काय घेतं ते माहीत असतं.

ऋतूचंही गणित आहे. थंडीचे कोट दुकानं उन्हाळा संपता संपता घेतात, कारण गिऱ्हाईक थंडी पडण्याच्या आधी येतं. डिसेंबर उलटल्यावर कोट घेऊन गेलात, तर 'पुढच्या वर्षी या' असं ऐकायला मिळतं.

कपडा पसंत पडला की करारावर सही होते, तुमच्या नावाचं खातं उघडतं आणि टॅगवर तुमचा नंबर लागतो. किंमत बहुतेक वेळा दुकानदार ठरवतो. कपडा एका ठरावीक मुदतीसाठी, बऱ्याचदा ६० किंवा ९० दिवसांसाठी, ठेवला जातो. जसजसे दिवस जातात तसतशी किंमत उतरवली जाते.

आता हिशोब करू

समजा, २०० डॉलरला घेतलेला एक कोट तुम्ही दुकानात दिला. दुकानदाराने टॅग लावला ८० डॉलरचा. करारात तुमचा वाटा ४० टक्के आहे. ३० दिवसांनी २० टक्के सूट आणि ६० दिवसांनी ५० टक्के सूट, असंही लिहिलं आहे.

पहिल्या महिन्यात कोट गेला तर तुम्हाला ३२ डॉलर मिळतील. दुसऱ्या महिन्यात किंमत ६४ वर येईल, तुमच्या हातात २५ डॉलर ६० सेंट. तिसऱ्या महिन्यात किंमत ४०, तुमचे १६.

म्हणजे २०० डॉलरच्या कोटाचे १६ डॉलर. इथे माणूस चिडतो आणि 'लुबाडलं' म्हणतो. पण ४० टक्के हा आकडा कुणी बदललेला नाही. बदलली ती किंमत, आणि ती उतरवायचा हक्क करारावर सही करून तुम्हीच दिला होता. वाटा किती, हे सगळे विचारतात. वाटा कशाच्या किती, हे फार थोडे विचारतात.

दुकानदार एवढं का कापतो?

याचं उत्तर साधं आहे. ५ डॉलरचा टीशर्ट असो की ५०० डॉलरची पर्स, तपासायला, टॅग लावायला, टांगायला आणि हिशोबात नोंदवायला जवळपास तेवढेच हात लागतात. ऑनलाइन विकायचं असेल तर फोटो काढा, मापं लिहा, गोदामात ठेवा, पॅक करा. नवीन कपड्याच्या दुकानात एकाच डिझाइनचे शंभर शर्ट असतात, त्यांना एक फोटो पुरतो. इथे प्रत्येक नग वेगळा. एका फोटोवर एकच विक्री.

म्हणून स्वस्त कपड्यावर विकणाऱ्याचा वाटा अगदी नगण्य होतो आणि महाग वस्तूवर तो वाढत जातो. २००९ साली सुरू झालेली थ्रेडअप ही अमेरिकी कंपनी याचं चांगलं उदाहरण. तुम्ही कपड्यांची पिशवी भरून पाठवायची, बाकी सगळं कंपनी बघणार. सोय मोठी, पण स्वस्त ब्रँडच्या टॉपवर हातात फार काही येत नाही. ही कंपनी आधी बरेचसे कपडे थेट विकत घ्यायची. २०१९ पासून तिने आपला भर कन्साइनमेंटकडे वळवायला सुरुवात केली. न खपणाऱ्या कपड्यांची जोखीम त्यामुळे कंपनीकडून विकणाऱ्याकडे सरकली.

याच्या उलट टोकाला पॉशमार्कसारखं ॲप. तिथे फोटो तुम्ही काढायचे, वर्णन तुम्ही लिहायचं, 'लास्ट प्राइस?' विचारणाऱ्यांना उत्तरं तुम्हीच द्यायची आणि पार्सलही तुम्हीच करायचं. अमेरिकेत १५ डॉलरच्या वरच्या विक्रीवर कंपनी २० टक्के घेते, बाकी तुमचे. म्हणजे कन्साइनमेंटमध्ये जास्त कापलं जाणारं कमिशन ही त्या मेहनतीचीच किंमत आहे. तुमच्याकडे वेळ आहे की नाही, यावर कोणता रस्ता परवडेल ते ठरतं.

अस्सल की नकली?

महागड्या वस्तूंच्या कन्साइनमेंटमध्ये सगळा धंदा एका प्रश्नावर उभा असतो: वस्तू खरी आहे का? २०११ साली सुरू झालेली द रिअलरिअल ही ऑनलाइन कंपनी वस्तू तपासून देण्याच्या आश्वासनावरच मोठी झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये शनेल या फ्रेंच ब्रँडने तिच्यावर न्यूयॉर्कमध्ये दावा ठोकला. नकली पर्स विकल्याचा आरोप होता आणि रिअलरिअलने तो नाकारला. त्याच वर्षी शनेलने जुन्या लक्झरी वस्तू विकणाऱ्या व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड या कंपनीवरही दावा केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने शनेलच्या बाजूने ४० लाख डॉलरचा निकाल दिला.

यातून घ्यायचं ते एवढंच: दुकानदाराचं 'ओरिजिनल आहे' हे त्याचं मत असतं, ब्रँडची पावती नव्हे. त्यामुळे महाग वस्तू घेताना, ती पुढे नकली निघाली तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. आणि वस्तू विकायला देताना मूळ बिल, डबा, कापडी पिशवी जपून ठेवलेली असेल तर सोबत द्या. भावात फरक पडतो.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

पॉशमार्कने २०२१ साली भारतात पाऊल ठेवलं आणि २०२३ मध्ये इथला गाशा गुंडाळला. पण म्हणून जुन्या कपड्यांची ऑनलाइन विक्री थांबलेली नाही. इन्स्टाग्रामवरची पेजेस, सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप, डिझायनर लेहंगे आणि ब्रँडेड पर्स ठेवून घेणारी दुकानं, असं सगळं सुरू आहे. यातले बरेचसे व्यवहार कन्साइनमेंटच असतात, फक्त कुणी त्याला तसं म्हणत नाही. 'ताई, तुमची पैठणी माझ्या पेजवर टाकते, गेली की पैसे देते' हे वाक्य म्हणजे कन्साइनमेंटचा अख्खा करार आहे. अडचण एवढीच, की तो कागदावर नसतो.

अशा वेळी कायदा काय सांगतो? असं पेज किंवा दुकान तुमच्या वतीने वस्तू विकत असेल, तर ते तुमचे एजंट ठरतात. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये याची स्पष्ट तरतूद आहे. कलम २१३ नुसार मागितल्यावर तुम्हाला योग्य हिशोब देणं एजंटवर बंधनकारक आहे. कलम २१७ प्रमाणे तो आपला मेहनताना आणि खर्च वळता करून घेऊ शकतो. उरलेली रक्कम तुम्हाला देणं कलम २१८ नुसार त्याची जबाबदारी आहे.

वस्तू त्याच्या ताब्यात असताना खराब झाली तर? कलम १५१ सांगतं, की ज्याच्या ताब्यात वस्तू दिली आहे त्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायला हवी. पण तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ नुसार तो जबाबदार ठरत नाही. म्हणजे दुकानात पाणी शिरलं आणि पैठणी गेली, तर भरपाई मिळेलच असं नाही. ती हवी असेल तर आधी लिहून घ्यावी लागते.

साड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे दारावर येतात. ते साडी बघत नाहीत, जरीतली चांदी बघतात. तो भाव धातूचा असतो. साडी नेसण्याजोगी असेल, विणकाम चांगलं असेल, तर तीच साडी साडी म्हणून विकायला ठेवली तर बऱ्याचदा जास्त पैसे येतात. उलट, घडीवर विरलेली साडी कितीही आवडती असली तरी कन्साइनमेंटमध्ये चालत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनाही हे लक्षात ठेवावं लागतं: तिथल्या नेहमीच्या कन्साइनमेंट स्टोअरला साडीचं गिऱ्हाईक नसतं. अशा साड्या आपल्याच लोकांच्या ग्रुपमध्ये लवकर जातात.

विकायला देताना हे सात प्रश्न विचारा

१. माझा वाटा किती टक्के? आणि तो टॅगवरच्या किमतीवर की प्रत्यक्ष विकलेल्या किमतीवर?

२. किंमत कोण ठरवणार? किती दिवसांनी किती उतरवणार? यापेक्षा खाली विकायचं नाही, अशी किमान किंमत लिहिता येईल का?

३. मुदत किती? ती संपल्यावर तुम्ही कळवणार की मी लक्ष ठेवायचं?

४. न विकलेला कपडा किती दिवसांत न्यायचा? नाही नेला तर तो दुकानाचा होतो का? बऱ्याच करारांत तसं लिहिलेलं असतं आणि लोक इथेच फसतात.

५. ड्रायक्लीनिंग, फोटो, कुरिअर, नोंदणी यांचे पैसे वेगळे कापणार का?

६. वस्तू हरवली, फाटली, चोरीला गेली तर काय?

७. पैसे कधी आणि कसे देणार? विकल्यावर लगेच, महिन्याने, की मी मागितल्यावर?

कागद नसेल तर किमान एक मेसेज तरी लिहा. वस्तूचा फोटो, किंमत, वाटा, मुदत आणि तारीख त्यात टाका आणि समोरच्याकडून 'ओके' घ्या. उद्या वाद झालाच तर तोच तुमचा पुरावा.

विकत घेताना हे बघा

कपडा उजेडात न्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात कॉलरवरचा मळ आणि काखेतले डाग दिसत नाहीत. चेन दोनदा वरखाली करा. शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ओढून बघा. लोकरी कपडा उजेडासमोर धरला की कसरीने पाडलेली भोकं लगेच दिसतात. वास घ्या, संकोच नको. कुबट वास सहसा एका धुण्यात जात नाही.

लेबलवरच्या साइझवर जाऊ नका. ब्रँडगणिक आणि देशागणिक साइझ बदलते, शिवाय आधीच्या मालकाने कपडा आटवलेला किंवा शिवून घेतलेला असू शकतो. घालून बघा. ऑनलाइन घेत असाल तर आपल्याला नीट बसणारा एक कपडा मोजून ठेवा आणि विकणाऱ्याकडून मापं इंचांत मागा.

किंमत उतरायची वाट बघायची का? टॅगवर तारीख किंवा रंग असेल तर सूट कधी लागणार याचा अंदाज येतो. पण नग एकच असतो. साध्या जीन्ससाठी थांबायला हरकत नाही. मनात भरलेली, मापात बसणारी वस्तू असेल तर थांबणं जुगार आहे. आणि पैसे देण्याआधी परतीचा नियम वाचा, कारण अशा अनेक दुकानांत विकलेला माल परत घेत नाहीत.

मग हा व्यवहार कुणाला परवडतो?

एक सोपी कसोटी लावून बघा. कपडा सगळ्यात शेवटच्या सुटीच्या किमतीला विकला गेला असं धरा. त्यातला तुमचा वाटा काढा. त्यातून धुलाई, इस्त्री आणि दुकानापर्यंतच्या जाण्यायेण्याचा खर्च वजा करा. उरलेली रक्कम बघून समाधान वाटत असेल तर कपडा दुकानात द्या. नसेल वाटत, तर त्या कपड्यासाठी बोहारीण, ओळखीतली कुणी गरजू मुलगी किंवा एखादी संस्था हा जास्त बरा रस्ता आहे.

चांगल्या ब्रँडचा कोट, दोनदाच घातलेला लेहंगा, जपून ठेवलेली पर्स किंवा न विरलेली पैठणी या कसोटीत सहसा पास होतात. रोजचा कुर्ता आणि फास्ट फॅशनचा टॉप सहसा होत नाहीत. अडत्याकडे माल टाकण्याआधी शेतकरी टेम्पोभाड्याचा हिशोब करतोच. कपाट रिकामं करताना आपणही तेवढा केला, तर पट्टी हातात आल्यावर कुणावर चिडायची वेळ येणार नाही.